विळ्याभोपळ्याचे सख्य

(एम. ए., भाग दुसरा)

दारू आणि मराठी मध्यमवर्ग यांचे सख्य विळ्याभोपळ्याचे आहे, असे आपण मानतो. निदान चारचौघांत तसे बोलतो. आपल्या वाङ्मयात तर बाटली आली की तिच्या पाठोपाठ सर्वनाश आलाच पाहिजे, असा दंडक १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने घालून दिला. सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही मंडळी आपल्याला शाळकरी वयातच भेटतात आणि जन्मभर सोबत करतात. तेव्हा महाविद्यालयाच्या वार्षिकांकात घरी केलेल्या बिअरवर लेख पाहून आमच्या गुरुजनांच्या भुवया उंचावल्या तर त्यात नवल नाही. त्यांना आधीच सांगून टाकते, की पिण्याचा प्रचार करण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: घरात काही आंबवणे ही एक गोष्ट आणि बाजारात दारू विकणे ही दुसरी. आपल्या कायद्याने या दोघींना एकाच दावणीला बांधले आहे. त्यामुळे बाजाराचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते घराघरांतल्या बायकांच्या हाती असलेल्या एका जुन्या विद्येचे.

हा विचार डोक्यात आला तो भोपळ्यामुळे. परीक्षेत मिळतो त्या नव्हे, भाजीच्या!

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ताईकडे न्यू जर्सीला गेले होते. ऑक्टोबर संपत आला की तिकडे घरोघरी दारात लाल भोपळे मांडतात. आमचे भाऊजी मूळचे मुलुंडचे. बँकेतल्या आकडेमोडीतून सवड मिळाली की ते तळघरात बिअर करतात. तिथे एकवीस वर्षांवरील माणसाला स्वतःपुरती बिअर घरी करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि मी तेवीस वर्षांची. “अगं, बघत काय बसलीस? भोपळा चिरायला घे,” असे भाऊजी म्हणाले आणि माझ्या आयुष्यातली पहिली मसालेदार भोपळ्याची बिअर सुरू झाली.

दहा लिटरांचा बेत होता. त्यासाठी अडीच किलो माल्ट आणि दोन किलोंचा भोपळा. माल्ट हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट. आपल्या आज्या बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. धान्याला मोड आले की पिष्टाची साखर करणारे विकर त्यात तयार होते. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज पातळ आणि गोडसर लागते. भोपळा चिरून, त्याच्या कडा तांबूस होईपर्यंत भाजून आम्ही त्याचा लगदा केला. भरडलेले माल्ट आणि हा लगदा पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर झाकून ठेवला. पाणी याहून फार तापले तर विकर मरते, फार निवले तर मंदावते. तासाभराने झाकण काढले तेव्हा खीर झाकून ठेवावी तसा वास स्वयंपाकघरभर पसरला होता. भोपळ्यामुळे सगळे इतके चिकट झाले होते, की गाळता गाळता माझे हात भरून आले.

गाळलेला गोड रस मग तासभर उकळायचा. त्यात कडवटपणासाठी हॉप नावाच्या वेलीची वाळकी फुले घालतात. मसाला मात्र अगदी शेवटी, आच बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे. नाहीतर सुवास वाफेबरोबर निघून जातो. मसाल्याची पुडी मी आईकडून नेली होती: दालचिनी, जायफळ, सुंठ आणि लवंग. मी सढळ हाताने लवंगा टाकणार, तोच भाऊजींनी माझा हात धरला. “लवंग एकच. ही काही बिर्याणी नाही.” पुढे रस झटपट थंड करून, उकळत्या पाण्याने आणि जंतुनाशकाने धुतलेल्या बुधल्यात ओतला, त्यात यीस्ट घातले आणि तळघरात अठरा-वीस अंशांच्या गारव्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून बुधल्याच्या तोंडावरच्या नळीतून बुडबुडे येऊ लागले. रात्री घर शांत झाले की जिन्यावर उभे राहूनही तो आवाज ऐकू यायचा. दोन आठवड्यांनी बुडबुडे थांबले. तरंगकाट्याने साखर संपल्याची खात्री करून आम्ही बाटल्या भरल्या. साखर शिल्लक असताना घाई केली तर बाटल्या फुटतात. भरताना एक घोट चाखायला मिळाला. फेस नव्हता, गारवा नव्हता. चव पावाच्या कडेसारखी, मागे किंचित कडू, आणि सगळ्यांत शेवटी जायफळ. भोपळा शोधूनही सापडेना! आणखी दोन आठवड्यांनी बाटल्या तयार होणार होत्या, पण माझे विमान दुसऱ्या दिवशीचे होते.

भोपळा सापडेना, याचे कारण भाऊजींनी सांगितले. सतराव्या-अठराव्या शतकांत अमेरिकेत येऊन वसलेल्या लोकांना माल्ट दुर्मिळ आणि महाग पडे, आणि भोपळा परसात लोळत असे. म्हणून त्यांनी भोपळ्याची बिअर केली. ती पोटापाण्याची तडजोड होती. माल्ट मुबलक मिळू लागल्यावर तिची आठवण उरली नाही. १९८०नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड गावी बफेलो बिल्स नावाच्या छोट्या ब्रूअरीत बिल ओवेन्स यांनी ती पुन्हा करून पाहिली. त्यांनाही भोपळ्याची चव सापडली नाही, म्हणून भोपळ्याच्या गोड पदार्थात घालतात तो मसाला त्यांनी बिअरमध्ये घातला. लोक जिला भोपळ्याची चव म्हणतात, ती खरे म्हणजे दालचिनी-जायफळाची चव आहे.

मला यातली गंमत वेगळीच वाटली. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचल्यानंतर तो जगभर गेला आणि आपल्याकडे येऊन घारग्यांत, भरतात, सांबारात असा काही रुळला, की त्याला परका म्हटले तर आजी रागावेल. मसाले मात्र पूर्वेचे. सुंठ आणि दालचिनी आपल्या किनाऱ्याच्या ओळखीची, लवंग-जायफळ त्याहून पूर्वेच्या बेटांवरचे. भोपळा तिकडून इकडे आला, मसाला इकडून तिकडे गेला, आणि पाचशे वर्षांनी दोघांची गाठ न्यू जर्सीच्या एका तळघरात मुलुंडच्या माणसाने घालून दिली. मग हीच गाठ मुलुंडला, बोरिवलीला, अंधेरीला का पडू नये? या प्रश्नापाशी माझी सुटी संपली आणि खरा विषय सुरू झाला.

कारण अशी गाठ आपल्या उपनगरांत पूर्वीपासून पडलेली आहे. आम्ही बोरिवलीला एक्सरच्या बाजूला राहतो. एक्सर, गोराई, मनोरी, आंबोली, मरोळ, कुर्ला ही ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावठाणे. हा समाज धर्माने ख्रिस्ती आणि भाषेने मराठी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्याने १८८७ साली घेतले. त्यांच्या स्वयंपाकातला बॉटल मसाला प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात भाजून-कुटून केलेला तो मसाला बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे त्याला उजेड लागत नाही. लग्नकार्यात मसाले घालून उकळलेले गरम खिमाड देतात. आणि नाताळात आल्याची किंवा मनुकांची वाईन घरोघरी होत असे. अजूनही कुठे कुठे होते.

आमच्या शेजारच्या आँटी अशी वाईन करीत. नोव्हेंबर लागला की त्यांच्या माळ्यावरची चिनी मातीची बरणी खाली येई. नाताळच्या दिवशी मजल्यावरच्या प्रत्येक घरी कलकलांच्या ताटलीबरोबर इवलीशी बाटली जाई. आमच्याकडे मात्र फक्त ताटली येई. त्याचे कारण पुढे सांगते. मी अकरावीत असताना वही-पेन घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आल्याला साखर किती, बरणीचे तोंड कशाने बांधायचे, किती दिवसांनी ढवळायचे, असे सगळे मला लिहून घ्यायचे होते. आँटी हसल्या. “अगं, हे लिहून घेतात का? बघून शिकायचं. आणि वहीत कशाला? उद्या कोणी वाचलं तर माझ्या दाराशी पोलीस.” त्या गमतीने बोलल्या होत्या, पण वही मिटायला लावल्याशिवाय राहिल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी आँटी गेल्या. त्यांची लेक कॅनडात असते, नाताळच्या आधी तिने आमच्या मजल्यावर दोघींना फोन करून विचारले, “मम्मीची वाईन कशी करायची, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?” कुणालाच माहीत नव्हते. बरणी अजून आहे. तिच्यात आता तांदूळ भरलेला असतो.

आँटींची भीती मुळीच निराधार नव्हती. तेव्हाचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमाने मद्य तयार करण्यास मनाई केली, आणि मद्य या शब्दात स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कोणताही द्रव पदार्थ बसवला. १९५० साली मुंबईत पूर्ण दारूबंदी आली. पुढे ती ढिली होत गेली. परवाने आले, १९७३ साली देशी दारूचे नियम झाले, दुकाने झाली, बार झाले. पुण्यात २००९ साली डूलालीने आपली ब्रूअरी काढली, आणि आता ताज्या बिअरचे पेले अंधेरीतही मिळतात. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कायद्याने विकणाऱ्यासाठी एकामागून एक दारे उघडली. न विकता घरापुरते करणाऱ्या बाईसाठी मात्र एक खिडकीही उघडली नाही. विक्रीवर शुल्क मिळते आणि आँटींच्या बरणीवर मिळत नाही, यापलीकडे या भेदाचे समर्थन मला तरी दिसत नाही.

दुसरीकडे द्राक्षासवाची बाटली पाहा. द्राक्षे, गूळ, धायटीची फुले, दालचिनी, वेलची, लवंग हे सगळे आंबवूनच आसव होते. त्यात आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते आणि आजोबा जेवणानंतर ते बिनदिक्कत घेतात. आमच्या बुधल्यात याहून काही निराळे चालले होते असे मला वाटत नाही. औषध म्हटले की तोच बुडबुडा सज्जन होतो!

आणि ही सवलत काही विलायती कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. दारूवर राजाचे नियंत्रण किती कडक असावे हे कौटिल्य बारकाईने सांगतो. विकणाऱ्यावर, दुकानावर, मापावर त्याची नजर आहे. पण त्याच प्रकरणात गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा तो देतो, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूटही देतो. सुरेसाठी लागणारे किण्व तयार करण्याचे काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावे, असेही तिथे म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, महसुलाला चटावलेल्या त्या शासनशास्त्रालाही घर आणि दुकान यांतला फरक कळत होता.

अमेरिकेतही हा फरक सुचायला वेळ लागला. तिथली दारूबंदी १९२० ते १९३३ अशी चालली. ती उठल्यावर घरच्या वाईनला मोकळीक मिळाली, घरची बिअर मात्र बेकायदाच राहिली. अखेर १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने ती चूक दुरुस्त झाली. एका माणसाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचारशे लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ माणसांच्या घराला त्याच्या दुप्पट अशी मर्यादा ठरली. विकायला बंदी कायम राहिली, आणि दारू गाळण्याची मुभा त्या कायद्याने दिली नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये तर २०१३ साली वळणावर आली.

आता आमच्या घरी वाईनची बाटली का येत नसे, ते सांगते. माझे धाकटे मामा दारूने गेले. मी लहान होते, पण आजीच्या घरातली भांडी एकेक करून कमी होत गेलेली मला आठवतात. भोपळ्याच्या बिअरची हकिगत मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलली: “तुझ्या मामाला उंबऱ्याबाहेर मिळायची तर ही गत झाली, तू तिला पाट मांडून घरात बसवायला निघालीस?”

या वाक्यापुढे कौटिल्य आणि कार्टर दोघेही निरुत्तर होतात. आईसारख्या बायका या महाराष्ट्रात लाखांनी आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७५ साली आणि गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. दुकान बंद व्हावे म्हणून ‘आडव्या बाटली’ला मत देणाऱ्या गावोगावच्या बायकांनी हे दुःख पुस्तकात वाचलेले नसते. त्यांना मागासलेले समजून मी हा लेख लिहिला असता, तर तो फाडून टाकण्याच्याच लायकीचा ठरला असता.

पण आईच्या वाक्यातच माझे उत्तर दडले आहे, असे मला वाटते. मामांना जी मिळत होती ती उंबऱ्याबाहेरची, सरकारमान्य दुकानातली होती. त्या दुकानाला परवाना होता. आणि आपल्या उपनगरांत ज्यांनी घरेच्या घरे पुसून टाकली, ती २००४ सालची विक्रोळीची आणि २०१५ सालची मालाडच्या मालवणीची विषारी दारू? विक्रोळीत सत्त्याऐंशी माणसे मेली, मालवणीत शंभराहून अधिक. ते मृत्यू मिथेनॉलचे होते. मिथेनॉल हे कारखान्यात लागणारे विष. धान्य आंबवताना ते नगण्य प्रमाणात होते. नफ्यासाठी गुत्त्यावरच्या दारूत ते मिसळले जाते. नाताळच्या बरणीत मिथेनॉल ओतण्याचे आँटींना काय कारण होते? जी बाई स्वतःच्या लेकराच्या पेल्यात ओतणार, तिच्या हातून भेसळ होत नाही. भेसळीला गिऱ्हाईक लागते.

कुणी म्हणेल, घराला सूट दिली की हातभट्टीवाले तिचा आडोसा घेतील. शंका रास्त आहे. म्हणूनच आंबवणे आणि गाळणे यांत रेघ ओढली पाहिजे. बरणीत किंवा बुधल्यात आंबवलेल्या पेयाची तीव्रता यीस्टच मर्यादित ठेवते. आमची बिअर पाच टक्क्यांच्या आसपास होती. गाळायला भट्टी, नळी, विस्तव लागतो, आणि तिथे धोका सुरू होतो. तेव्हा माझी मागणी मोजकी आहे. बिअर व वाईनसाठी आपल्या राज्यात एकवीस वर्षे ही वयोमर्यादा आहेच. त्या वयापुढील माणसाला, वर्षाकाठी ठरावीक लिटरांपर्यंत, स्वतःच्या घरासाठी आंबवण्याची मुभा असावी. एक थेंब विकला तरी आजच्यासारखीच शिक्षा असावी. गाळण्याला मुभा नसावी. आणि ज्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे ती तशीच राहावी.

ही मुभा मिळाली तरी आमच्या घरी बिअर होणार नाही. आईला मी तसा शब्द दिला आहे, आणि तो देताना मला काही गमावल्यासारखे वाटले नाही. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. नको म्हणण्याचा अधिकारही तिच्यातच आला. शिवाय मुंबईच्या तिशीच्या पाऱ्यात न्यू जर्सीची कृती जशीच्या तशी चालणारही नाही. उन्हाळ्यात यीस्ट पिसाळते आणि बिअरला उग्र वास येतो. इथल्या हवेला जमणारी कृती इथल्याच कुणी बसवायला हवी. ती बसवायची तर करून पाहावे लागेल, चार जणींना विचारावे लागेल, लिहून ठेवावे लागेल. आणि आपल्याकडे नेमके तेच चोरून करावे लागते.

कायदा बदलणे आपल्या हातात नाही, लिहून ठेवणे मात्र आहे. १९४९ च्या मूळ कायद्यात मादक पदार्थाची भलामण करणे हाही गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात तो भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवला. म्हणून मी आज हा लेख निर्धास्तपणे लिहू शकते. आपल्या महाविद्यालयात मरोळ-आंबोलीपासून गोराईपर्यंतच्या मुली आहेत, आरेच्या पाड्यांवरून येणारी मुले आहेत, कोकणातल्या आंबील-आंबोळीच्या घरांतली तर निम्मी असतील. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी एक म्हातारी आहे, जिच्या हाताला आंबवण्याचे माप ठाऊक आहे आणि तोंडाला ते सांगायची सवय नाही. येत्या सुटीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती हसली, तरी वही मिटू नका.